टॅब पूर्ण डेड, दुकानात म्हणाले "बोर्ड गेला": ब्लोअर मारण्याआधी काय काय मोजायचं

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. रात्री चार्जिंगला लावलेला टॅब सकाळी उघडत नाही. बटण दाबून धरलं तरी लोगो नाही, थरथर नाही, चार्जिंगचं चिन्हही नाही. दुकानात नेला की मागचं झाकण न उघडताच "बोर्ड गेला, नवीन घ्या" असं सांगतात, नाहीतर बोर्डावर ब्लोअर, म्हणजे गरम हवेचा झोत, मारून तात्पुरता चालू करून देतात. मग दोन-तीन आठवडे बरे जातात आणि टॅब पुन्हा गार. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. पैसे जातातच, शिवाय दर वेळच्या उष्णतेने बोर्ड आणखी कमजोर होतो, आणि पुढच्या कारागिराला मूळ बिघाड कुठला आणि ब्लोअरने झालेला कुठला हे ओळखता येत नाही.

डेड टॅबसुद्धा बरंच काही सांगत असतो, ते मीटरवर वाचावं लागतं. कुठल्या लाइनवर, म्हणजे बोर्डावरच्या वीज नेणाऱ्या वाटेवर, व्होल्टेज आहे, टॅब किती करंट खेचतो, बटण दाबल्यावर तो आकडा कसा हलतो, हे कागदावर उतरेपर्यंत बोर्डाला उष्णता लावू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडे घरचा चार्जर, संगणक आणि छोटा यूएसबी मीटर एवढंच आहे त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या कराव्यात. मल्टीमीटर आणि डीसी पॉवर सप्लाय (हवं ते व्होल्टेज देणारं आणि करंट दाखवणारं यंत्र) असेल त्यांनी पुढे जावं.

खरंच डेड आहे का?

खोलीत अंधार करा, बटण दाबा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. एलसीडी स्क्रीनच्या टॅबमध्ये बॅकलाइटचं सर्किट गेलं तर चित्र उमटतं पण उजेड नसतो. टॉर्चच्या प्रकाशात लोगो किंवा घड्याळ पुसट दिसलं तर टॅब जिवंत आहे. बॅकलाइटची आयसी (चिप), तिची कॉइल, डायोड आणि स्क्रीनची पट्टी (पातळ लवचीक केबल) एवढंच तपासायचं. ओलेड स्क्रीनला वेगळा बॅकलाइट नसतो, तिथे ही तपासणी लागू पडत नाही.

मग जबरदस्तीचा रीस्टार्ट. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र वीस-तीस सेकंद धरावं लागतं. लोक पाच सेकंदांत सोडून देतात. होम बटण असलेल्या आयपॅडमध्ये होम आणि वरचं बटण एकत्र धरायचं. होम बटण नसलेल्यात आवाजाचं वरच्या बटणाजवळचं बटण दाबून सोडायचं, मग दुसरं दाबून सोडायचं, आणि मग वरचं बटण धरून ठेवायचं.

यानंतर टॅब संगणकाला जोडा आणि विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवा. ही तपासणी फुकटात होते आणि इथेच अर्धं निदान हाती येतं, तरी फार थोडे जण ती करतात. क्वालकॉमच्या प्रोसेसरचा टॅब असेल आणि एकही बटण न दाबता "क्यूडीलोडर ९००८" असा पोर्ट दिसला, तर प्रोसेसर जागा आहे, त्याला पॉवर मिळते आहे, पण मेमरीतून बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, वाचता येत नाही. म्हणजे एक तर सॉफ्टवेअर बिघडलंय किंवा मेमरीची आयसी. मीडियाटेकच्या टॅबमध्ये "प्रीलोडर" पोर्ट दोन-चार सेकंद दिसून गायब झाला तर ते चांगलं लक्षण, कारण प्रीलोडर (मीडियाटेकचा तसाच सुरुवातीचा प्रोग्रॅम) मेमरीतूनच येतो. तिथे साधा "मीडियाटेक यूएसबी पोर्ट" येऊन तसाच टिकून राहिला तर प्रोसेसरला प्रीलोडर सापडलेला नाही, संशय मेमरीवर. आयपॅड रिकव्हरी किंवा डीएफयू (सॉफ्टवेअर नव्याने भरून घेण्याच्या) अवस्थेत असेल तर संगणक तसं सांगतोच. काहीच दिसलं नाही, आवाजही आला नाही, तर पुढे चला.

आता बॅटरी खोलवर उतरण्याचा प्रकार. जिल्हा परिषदेच्या शाळांतून येणाऱ्या टॅबमध्ये हा फार दिसतो. परीक्षा संपल्या की टॅब कपाटात जातात आणि जूनमध्ये शाळा उघडली की एकदम सगळेच बंद निघतात. लिथियम बॅटरीत सेलच्या डोक्यावर एक छोटी संरक्षक पट्टी असते. सेल साधारण अडीच व्होल्टपर्यंत उतरला की ती बाहेरची वाट तोडते आणि मीटरवर बॅटरी शून्य दाखवते. चार्जर लावला तरी सेल तीन व्होल्टच्या आसपास येईपर्यंत चार्जिंग आयसी त्याला मुद्दाम अगदी थोडा करंट देते. टॅबची बॅटरी बहुतेकदा पाच ते दहा हजार मिलीअँपिअर-तासांची असते, त्यामुळे स्क्रीनवर चिन्ह यायलाही बराच वेळ लागतो. अशा टॅबला चांगल्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर तीन-चार तास निवांत सोडा, मध्ये सारखं बटण दाबू नका. सुरू होण्याचा प्रयत्न झाला की जमलेलं थोडंसं चार्जही संपतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेल दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला असेल तर बाहेरून जोराचा करंट देऊन बॅटरी "बूस्ट" करू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळून आतल्या आत शॉर्टची शक्यता तयार होते आणि तो सेल पुढे चार्जिंगवर असताना पेटू शकतो. तशी बॅटरी बदलायचीच. फुगलेली असेल तर चार्जिंग लगेच बंद, आणि काढताना धातूची पट्टी वापरायची नाही.

चार्जिंगचा करंट आत जातो का?

चार्जर आणि टॅबच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर प्रत्येकाने घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. त्यावर व्होल्टेज आणि करंट दोन्ही दिसतात. ५ व्होल्ट आहेत पण करंट अगदी ०.०० असेल तर वाट कुठेतरी तुटली आहे: पोर्ट, पोर्टापासून मुख्य बोर्डाला जाणारी पट्टी, जास्त व्होल्टेज अडवणारी आयसी, नाहीतर बॅटरीचा कनेक्टरच नीट बसलेला नाही. करंट ०.०५ ते ०.१ च्या आसपास अडकून राहिला तर बॅटरी खोल उतरलेली असेल किंवा चार्जिंग आयसी पुढे जात नसेल. दर काही सेकंदांनी चढून पडत असेल तर टॅब सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि कुठेतरी कोसळतोय. चार्जर लावल्याबरोबर व्होल्टेजच ५ वरून २-३ वर आलं तर पोर्टाच्या लाइनवर शॉर्ट आहे. लगेच काढा.

टाइप-सी पोर्टाचा एक बिघाड इतका फसवा आहे की तो सविस्तर सांगतो. ज्या केबलला दोन्ही टोकांना टाइप-सी असतं, तिच्यावर चार्जर आपणहून ५ व्होल्ट सोडत नाही. टॅबच्या बाजूला सीसी नावाच्या दोन पिना असतात, प्रत्येकीवर ग्राउंडकडे (सर्किटच्या ऋण बाजूकडे) ५.१ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) असतो. केबलमधून तो रोध जाणवला की मगच चार्जर व्होल्टेज देतो. जुन्या चपट्या यूएसबीतून टाइप-सीकडे येणाऱ्या केबलवर मात्र ५ व्होल्ट कायम असतात, रोध असो वा नसो.

एका ताईंचा दहा इंची टॅब आला होता. आधीच्या दुकानात बॅटरी बदलून झालेली, तरी पुन्हा डेड, आणि हातात "बोर्ड गेला" ही चिठ्ठी. त्यांनी घरी नवा चार्जर घेतला होता, दोन्हीकडे टाइप-सी असलेला. त्यावर यूएसबी मीटर लावला तर तो पेटेचना, म्हणजे चार्जर व्होल्टेजच देत नव्हता. तीच केबल उलटी करून घातली आणि मीटर पेटला, करंट चढू लागला. दोन सीसी पिनांपैकी एकच काम करत होती. टॅब उघडून भिंगाखाली पोर्टाजवळची जागा पाहिली तर मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक रोध हिरवट थराखाली दडलेला, एका टोकाला सोल्डर पूर्ण खाल्लेलं. मीटरवर एक सीसी पिन ग्राउंडशी ५.१ किलोओहम दाखवत होती, दुसरी उघडी. ताई केबल ज्या दिवशी उलटी लावत त्या दिवशी टॅब चार्ज होई, सरळ लावली की रात्रभरात उरलेली बॅटरीही उतरून जाई. बोर्डाला काही झालं नव्हतं. जागा साफ करून तो रोध नवा बसवला, काम संपलं.

टाइप-सीमध्ये २४ पिना, दोन पिनांतलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. ५ व्होल्टची पिन आणि सीसीची पिन शेजारी-शेजारी. पोर्टात घामाचा किंवा पावसाचा ओलावा गेला, वर फास्ट चार्जर ९ व्होल्ट देऊ लागला, की ते व्होल्टेज शेजारच्या नाजूक लाइनवर उडी मारतं. म्हणून चार्जिंगच्या तक्रारीत पोर्ट भिंगाखाली बघायचाच. टाइप-सीचा टेस्ट बोर्ड (प्रत्येक पिन बाहेर मोजता येणारी छोटी पाटी) पोर्टात घालून मीटरच्या डायोड मोडवर, ज्यात मीटर स्वतः थोडा करंट सोडून व्होल्टेजचा आकडा दाखवतो, दोन्ही बाजूंचं रीडिंग घ्या. जोडीच्या पिनांचे आकडे सारखे यायला हवेत.

टॅब उघडल्यावर

कडा गरम करून झाकण किंवा स्क्रीन उचलली की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मीटर, ब्रश, चिमटा, सगळं त्यानंतर. काही आयपॅडमध्ये बॅटरीची पाती बोर्डाखाली दाबून बसवलेली असतात, तिथे नुसता कनेक्टर ओढून भागत नाही. पात्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून बॅटरी वेगळी करावी लागते. ते न करता स्क्रीनची पट्टी काढली-लावली की बॅकलाइटचा फिल्टर उडतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

स्क्रू काढताना कुठला कुठे होता ते मांडून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घातला तर तो बोर्डाच्या आतल्या थरांत घुसतो आणि तिथल्या लाइनी तुटतात. दुरुस्तीनंतर डेड झालेल्या टॅबमध्ये हे मी आवर्जून बघतो.

मग पत्र्याची झाकणं उचलून भिंगाखाली पूर्ण बोर्ड निरखा. पांढरी किंवा हिरवी पूड, काळवंडलेली कडा, तडकलेला कॅपॅसिटर, फुगवटा आलेली आयसी. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या टॅबमध्ये पाण्यात न पडताही ही पूड सापडते, खाऱ्या दमट हवेचं काम. ओला झालेला टॅब तांदळात ठेवायची सवय आपल्याकडे आहे. तांदूळ बाहेरचं पाणी शोषेलही, पण पाण्यातले क्षार झाकणाखाली तसेच राहतात, आणि बॅटरी जोडलेली असेल तर ओलावा आणि वीज मिळून तांबं खाणं चालूच राहतं. बॅटरीची जोडणी काढणं आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ब्रश मारून धुणं, हाच इलाज, आणि तो जितक्या लवकर होईल तितका चांगला.

डीसी सप्लायवरचा आकडा

निदानाचा खरा गाभा इथे आहे. सप्लाय ४ व्होल्टवर ठेवा, करंटची मर्यादा दोन अँपिअर, आणि टॅबला जोडण्याआधी पोलॅरिटी दोनदा बघा. बॅटरीच्या कनेक्टरवर फक्त धन आणि ऋण नसतात, तापमान कळवणारी एक पिनही असते. ती मोकळी राहिली तर काही टॅब चालूच होत नाहीत किंवा होऊन बंद पडतात. जुन्या बॅटरीची संरक्षक पट्टी सेलपासून नीट सोडवून मधे वापरली तर ही अडचण येत नाही.

बटण दाबण्याआधीचा आकडा आधी लिहा. निरोगी बोर्ड बटणाशिवाय जवळजवळ काहीच खेचत नाही. इथेच वीस, पन्नास, शंभर मिलीअँपिअर दिसत असतील तर बॅटरीच्या मुख्य लाइनवर गळती आहे. सप्लाय थेट मर्यादेला जाऊन व्होल्टेज पडलं तर पूर्ण शॉर्ट. "रात्री भरलेला टॅब सकाळी रिकामा" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत हीच गळती सापडते, आणि पुन्हा पुन्हा डेड होणाऱ्या टॅबचं सगळ्यात मोठं कारणही हेच. नवी बॅटरी टाकून टॅब चालू होतो, गळती ती बॅटरीही पिऊन टाकते, आणि दोष बॅटरीवाल्याला जातो.

मग बटण दाबा. आकडा हललाच नाही तर पॉवर आयसीपर्यंत, म्हणजे बोर्डाच्या सगळ्या भागांना वीज वाटणाऱ्या चिपपर्यंत, हुकूमच पोचत नाहीये. बटणाच्या लाइनवर मीटर लावा, बटण न दाबता काहीतरी व्होल्टेज असायला हवं आणि दाबल्यावर ते शून्यावर यायला हवं. मुळातच शून्य असेल तर बटणाची पट्टी आतून शॉर्ट आहे का बघा. पट्टी काढून चिमट्याने बटणाचा पॉइंट ग्राउंडला क्षणभर टेकवून पाहता येतो. व्होल्टेज ठीक असून आकडा हलत नसेल तर पॉवर आयसी, तिला मिळणारी लाइन आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल (बोर्डाला घड्याळाचे ठोके देणारा भाग) या तिघांकडे वळा. क्रिस्टल मल्टीमीटरवर कळत नाही, ऑसिलोस्कोप लागतो.

बटण दाबताच आकडा एकदम मोठी उडी मारून बसला तर पॉवर आयसीच्या पुढच्या एखाद्या लाइनवर शॉर्ट आहे. तीस ते ऐंशी मिलीअँपिअरला जाऊन गोठला तर काही लाइनी सुरू झाल्या पण प्रोसेसर पुढे सरकला नाही. मेमरी, रॅम किंवा एखादी न आलेली लाइन. शे-दोनशेपर्यंत चढून पडतो आणि पुन्हा चढतो, तर बूट होता होता परत फिरतोय, सॉफ्टवेअरचा संशय आधी घ्या. हे आकडे मॉडेलनुसार बदलतात, म्हणून त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड कधी हाताशी आला तर त्याचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत. ती वही पुढे सर्किटच्या नकाशाइतकीच उपयोगी पडते.

शॉर्ट कुठे आहे?

बॅटरी आणि सप्लाय काढून मीटर डायोड मोडवर घ्या, लाल प्रोब ग्राउंडला, काळी तपासायच्या जागेवर. पॉवर आयसीभोवती ज्या चौकोनी कॉइल दिसतात त्यांतली प्रत्येक बहुतेक एकेका लाइनची असते: १.८ व्होल्टची, रॅमची १.१ किंवा १.२ ची, प्रोसेसरच्या गाभ्याची एक व्होल्टच्या आसपासची. एकेक कॉइल मोजत जा. बऱ्याच लाइनींवर तीनशे ते सहाशेच्या दरम्यान आकडा येतो, शून्य म्हणजे शॉर्ट.

मीटरच्या बीपवर विसंबू नका. बहुतेक मीटर ३० ते ५० ओहमच्या खाली कुठेही बीप देतात, आणि मोठ्या प्रोसेसरच्या गाभ्याची लाइन निरोगी असतानाही ग्राउंडशी काही ओहमच दाखवते. बीप ऐकून प्रोसेसर शॉर्ट ठरवला आणि चांगला बोर्ड भंगारात गेला, असे बोर्ड माझ्याकडे सुट्या भागांसाठी विकायला आले आहेत. तिथे ओहमच्या रेंजवर नेमका आकडा बघायचा. ०.२ ओहम आणि ६ ओहम यांत टॅबचा जीव अडकलेला असतो.

लाइन सापडली, आता त्या लाइनवरचा नेमका भाग. थर्मल कॅमेरा असेल तर सोपं. नसेल तर सोल्डरिंगची राळ गरम सोल्डरिंग आयर्नला लावून तिचा धूर बोर्डावर धरा. सगळ्या भागांवर भस्मासारखा पांढरा पातळ थर बसतो. मग शॉर्ट असलेल्या लाइनवर एक व्होल्टपासून सुरुवात करून करंट सोडा. लाइनचं मूळ जितकं व्होल्टेज असेल त्याच्या वर कधी जायचं नाही, नाहीतर शॉर्ट तुटताक्षणी ते व्होल्टेज प्रोसेसरला लागेल. करंट हळूहळू वाढवत नजर बोर्डावर ठेवा. सगळं पांढरं असताना एकाच कॅपॅसिटरवरचा थर पाघळून नितळ होतो, खालचा तपकिरी रंग ओला झाल्यासारखा चमकतो. दोषी तोच, आणि बहुतेक वेळा पॉवर आयसी किंवा प्रोसेसर नसून एवढासा हा सिरॅमिक कॅपॅसिटरच असतो. टॅब पडला, पिशवीत वाकला, की सिरॅमिकला केसाएवढी चीर जाते आणि आतले थर एकमेकांना टेकतात.

राळही नको असेल तर मल्टीमीटरवरच आणखी एक मार्ग आहे. लाइनवर ठराविक करंट चालू ठेवून मिलिव्होल्टच्या रेंजवर तिच्या प्रत्येक कॅपॅसिटरचं ग्राउंडला नसलेलं टोक मोजत जा. शॉर्टच्या जसजसं जवळ जाल तसतसा आकडा उतरतो, सगळ्यात कमी जिथे, तिथेच गडबड. वेळ लागतो, पण बोर्डाला कसलाही धोका नाही.

कॅपॅसिटर उचलला की लगेच पुन्हा ओहम मोजा. शॉर्ट गेला तर त्याच मॉडेलच्या भंगार बोर्डावरून त्याच जागेचा कॅपॅसिटर काढून बसवा, या भागांवर त्यांच्या क्षमतेचा आकडा छापलेला नसतो. एका लाइनवर समांतर असे अनेक असतात, त्यामुळे एक काढूनही टॅब चालतो, तरी जागा रिकामी ठेवून टॅब ग्राहकाला देऊ नये. कॅपॅसिटर काढूनही शॉर्ट तसाच राहिला तर मग आयसीची पाळी. चार्जिंग आयसी आणि पॉवर आयसी बदलता येतात. प्रोसेसर स्वतःच शॉर्ट असेल तर तिथे थांबावं.

ब्लोअर मारल्यावर चालू का होतो, आणि परत का जातो?

कारणं तीन आहेत आणि त्यातलं एकही ब्लोअरने बरं होत नाही. झाकणाखालचा ओलावा तात्पुरता वाळतो, क्षार तसेच राहतात आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा गळती सुरू. आयसीखालच्या सोल्डरच्या गोळ्यांना चीर गेलेली असते, उष्णतेने धातू प्रसरण पावून चिरेची दोन टोकं भेटतात, बोर्ड काही गरम-थंड फेऱ्यांतून गेला की पुन्हा सुटतात. टॅब पातळ आणि लांब-रुंद, हातात धरल्यावरसुद्धा वाकतो, त्यामुळे मोठ्या आयसीच्या कोपऱ्यांवर हा ताण फोनपेक्षा जास्त येतो. झिजत आलेली मेमरीही गरम केल्यावर थोडे दिवस साथ देते.

म्हणून ब्लोअरने चालू झाला हा निष्कर्ष नसून नवा पुरावा समजा. कुठल्या भागाला उष्णता दिल्यावर सप्लायवरचा आकडा बदलला, ते बघा. संशयित आयसीवर प्लॅस्टिकच्या काडीने अगदी हलका दाब देऊनही आकडा हलतो का पाहता येतं. हलला तर ती आयसी नीट काढून, जागा साफ करून, नवे गोळे लावून बसवायची, म्हणजे रीबॉलिंग. कारखान्यात वापरलेलं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ ला. नुसता वरून गरम वारा दिल्याने जुने गोळे पूर्ण वितळत नाहीत, आणि आयसीखाली चिकट रसायन भरलेलं असेल तर अर्धवट उष्णतेने बोर्डावरचे पॅडच (गोळे जिथे चिकटतात ते तांब्याचे ठिपके) उपटून येतात. रीबॉलिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम ज्याला येतं त्याच्याकडे पाठवावं, त्यात कमीपणा नाही.

पुन्हा डेड होणाऱ्या टॅबसाठी बॅटरीखालची जागाही बघा. फुगू लागलेला सेल पोर्टाची किंवा स्क्रीनची पट्टी आतून दाबत असतो, आणि बोर्डात सगळं नीट असूनही टॅब मधूनच जातो. चार्जरही सोबत मागवून घ्या. रिकामा असताना आणि भार दिल्यावर त्याचं व्होल्टेज मोजा. हलका, बेनामी चार्जर बदलला नाही तर दुरुस्त झालेली चार्जिंग आयसी पुन्हा जाणारच.

डेटा हवा आहे का, हे आधी विचारा

फ्लॅश मारण्याआधी, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरण्याआधी, हा प्रश्न विचारायलाच हवा. मुलांचे फोटो, शाळेचे निकाल, दुकानाचा हिशोब, काहीही असू शकतं, आणि लोक ते टॅब परत मिळाल्यावर विचारतात. "मेमरीची आयसी काढून दुसऱ्या बोर्डावर लावतो, डेटा मिळेल" हे आश्वासन आता देऊ नये. अँड्रॉइड १० पासून नव्या टॅबमध्ये डेटा कुलूपबंदच असतो आणि त्याची किल्ली त्या विशिष्ट प्रोसेसरशी बांधलेली असते. आयपॅडमध्ये तर हे कितीतरी आधीपासून आहे. डेटा हवा असेल तर तोच प्रोसेसर आणि तीच मेमरी त्याच बोर्डावर जिवंत करणं हा एकच रस्ता. अशा टॅबवर शॉर्ट शोधण्यात घालवलेला एक जादा दिवस सार्थकी लागतो, आणि ब्लोअरचा एक आततायी फटका सगळं घालवू शकतो.

डेटा नको असेल तर बोर्ड बदलण्याचा हिशोब करता येतो. दुसरा बोर्ड घेताना तो आधीच्या मालकाच्या खात्याने कुलूपबंद नाही ना ते सुरू करून बघा. टच आयडीचा सेन्सर मूळ बोर्डाशी जोडलेला असतो, बोर्ड बदलला की आयपॅडवर बोटाचा ठसा चालणार नाही, हे ग्राहकाला आधी सांगा.

टॅब परत देताना सप्लायवर बंद अवस्थेतला आकडा पुन्हा मोजा आणि पावतीवर लिहा. मग टॅब पूर्ण गार होऊ द्या, शक्य तर रात्रभर बंद ठेवा, आणि सकाळी गार बोर्डावर सुरू करून बघा, कारण चिरलेलं सोल्डर गरम असताना दगा देत नाही. दोन्ही प्रकारच्या केबलने, दोन्ही बाजूंनी घालून चार्ज करून पाहा, बॅटरी रात्रीत किती उतरली ते बघा, आणि झाकण चिकटवा ते त्यानंतरच.